समुद्र तापला त्या वर्षीचं पंचांग

धारवाडात सप्तापूरच्या कुसुमावतीबाईंच्या घरी पाडव्याला दोन माणसं ठरलेली. एक बाळाचार्य, दुसरा सटवाजी. बाळाचार्य कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळातले. सकाळी देवळात चार लोकांसमोर पंचांग वाचून झालं, की ते बाईंकडे बेवु-बेल्ला, म्हणजे आपला कडुनिंब-गूळ, खायला येत आणि त्या घरापुरतं वर्षफल पुन्हा एकदा वाचत. सटवाजी अळनावरच्या बाजूच्या खेड्यातून पहिल्या बसनं येई, उंबऱ्याशी चपला काढून भिंतीला टेकून बसे. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, सोनं चढणार की उतरणार, यात त्याला काडीचा रस नसे.

"पाऊस सांगा, आचार्र," एवढंच तो म्हणे.

ही रीत त्याच्या बापापासूनची. तेव्हा ते शेत बाईंच्या सासऱ्यांचं होतं आणि सटवाजीचा बाप कूळ होता. पुढं कूळकायदा आला आणि शेत कुळाच्या नावावर झालं. त्या दिवसांत धारवाडात पुष्कळांनी दातओठ खाल्ले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. बाईंचे यजमान गोविंदराव शाळामास्तर होते. ते म्हणाले, "ज्यानं चिखल तुडवला त्याचं शेत," आणि विषय मिटवला. शेत गेलं, पण पाडव्याचं येणं काही गेलं नाही. दिवाळीनंतर जिरेसाळीच्या तांदळाची पिशवी यायचीही थांबली नाही.

जिरेसाळ म्हणजे काय, ते आताच्या मुलांना सांगून कळायचं नाही. दाणा जिऱ्याएवढा बारीक, आणि चुलीवर भाताला उकळी फुटली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कुसुमावतीबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, माहेरच्या आठवणीनं दोन दिवस जेवल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून तो वास आला आणि रडता रडता भूक लागली. गोविंदराव पुढं कितीतरी वर्षं यावरून चिडवत. "मला बघून नव्हे, भाताला बघून राहिली ही."

आता त्या शिवारात जिकडंतिकडं मका, नाहीतर संकरित भात. जिरेसाळ एकट्या सटवाजीकडं, तीही ओढ्याकडच्या एका तुकड्यात. त्यात गेल्या वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस आला, उभं पीक लोळलं आणि लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. सटवाजीच्या बायकोनं, भागीरथीनं, वाचलेल्या लोंब्या हातानं झोडल्या आणि एक गाडगं बियाणं राखेत घालून ठेवलं. तेवढंच. दुसऱ्या कुणाकडं मागायची सोय नव्हती, कारण दुसऱ्या कुणाकडं ते उरलंच नव्हतं.

म्हणून यंदाच्या पाडव्याला सटवाजी भिंतीला टेकला नाही, पुढं सरकून बसला.

"आक्का, एकच गाडगं हाय. पेरलं आणि पावसानं दगा दिला, तर वंश बुडाला. न्हाई पेरलं, तर फुडल्या सालाला बी म्हातारं हुतंय. उगवंल न्हाई उगवंल."

"अर्धं पेर, अर्धं ठेव," बाई म्हणाल्या.

"अर्ध्या तुकड्यात भात आणि अर्ध्यात तण. ते तण सगळंच खातंय बगा. पेरायचं तर सगळं पेरायचं."

बाळाचार्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पंचांग पार नाकाशी नेलं. ते बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण आवाज अजून खणखणीत. "पर्जन्य उत्तम. पावसाचे वाटे वीस. दहा समुद्रावर, सहा डोंगरावर, चार भूमीवर. श्रावणात विशेष वृष्टी. आणि यंदा श्रावण दोन आहेत बरं का. आधी अधिक, मग निज."

"दोन श्रावण म्हंजे दुप्पट पाऊस?"

"तसं लिहिलेलं नाही. पण कमी कसा होईल?"

सटवाजीनं बाईंकडं पाहिलं. आचार्य नुसतं वाचत. 'पेर' किंवा 'थांब' हा शब्द त्या घरचा. पूर्वी सासरे देत, मग गोविंदराव, आणि ते गेल्यापासून बाई. आणि एकदा दिलेला शब्द पुन्हा विचारायचा नाही, बदलायचा नाही, हेही त्याच रीतीतलं.

"पेर," बाई म्हणाल्या.

मे महिन्यात वेदश्री आली. ही बाईंची नात, हुबळीत केशवापूरला राहणाऱ्या मुलाची, श्रीहरीची, लेक. पुण्याला समुद्राच्या पाण्याच्या तापमानावर संशोधन करत होती. हुबळीला आईबापांकडं दोन दिवस काढून ती नेहमीसारखी उरलेल्या सुटीला आजीकडं आली आणि ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली. बाई कैऱ्या चिरायला शेजारी बसल्या. पडद्यावर निळा समुद्र होता आणि त्याच्या मधोमध लालभडक पट्टा. लोणच्याच्या बरणीतलं तेल सांडावं तसा.

"हे काय सांडलंय गं?"

"तापलेलं पाणी, आजी. हा प्रशांत महासागर. एरवी ऊन पाणी या अंगाला असतं, इंडोनेशियाकडं, आणि अमेरिकेच्या अंगाला गार. पूर्वेकडून वारे वाहतात, तेच ते ऊन पाणी इकडं लोटून ठेवतात. एखाद्या वर्षी वारे ढिले पडतात. मग ऊन पाणी उलटं तिकडं सरकतं, आणि पाऊसही त्याच्या मागं जातो. त्याला एल निनो म्हणतात. यंदा तो येतोय."

"येईना का. आपलं काय जातंय?"

"आपला पावसाळा दुबळा होतो."

बाईंची विळी थांबली. "अगं, तो समुद्र कुठं आणि आपलं धारवाड कुठं!"

"न्हाणीघरात बंब पेटवलास तर धूर देवघरात येतो की नाही? तसंच. हवा सगळी एकच आहे."

बाईंना ते पटलंही आणि नाहीही. त्यांनी आपल्या पद्धतीनं पारखायचं ठरवलं. साल म्हटलं की त्यांना आकडा आठवत नसे, त्या सालचं घर आठवे. "बहात्तर साली होता का तुझा हा?"

वेदश्रीनं बोटं चालवली. "होता. मोठा होता."

बहात्तर साली रेशनच्या दुकानात लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावर घालताना चिरायची. सासूबाई घरच्या हंड्यातलं पाणी मोजून द्यायच्या. सटवाजीचा बाप दारात येऊन उभा राहिला होता आणि कुणीच काही बोललं नव्हतं. ते सगळं त्या लाल पट्ट्यानं केलं?

"आणि सत्याण्णव?"

"त्याहून मोठा. शतकातल्या मोठ्यांपैकी."

"झालं! मग तुझं यंत्र खोटं. सत्याण्णवच्या श्रावणात तुझ्या दादाचं, साकेतचं बारसं. विहीर काठोकाठ. मांडवात पाणी शिरलं म्हणून पंगत ओसरीवर उठवली होती आम्ही. तुझा आजोबा पाटावर उभा राहून वाढत होता."

वेदश्री हसली. "आजी, यंत्रही खरं आणि तूही खरी. त्या वर्षी आपला हिंदी महासागर मध्ये पडला. त्यालाही दोन टोकं आहेत, एक आफ्रिकेकडं, एक सुमात्राकडं. आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापलं, की आपल्याकडं कधी कधी ओलावा वाढतो. मग प्रशांतानं कितीही डोळे वटारले तरी पाऊस पडतो."

"कधी कधी?"

"हो. त्यावरही वाद आहेत. माझे सर एक म्हणतात, दुसरे दुसरं."

"मग यंदा पडणार का तो मध्ये?"

"बहुतेक पडेल. पण केव्हा, ते सांगता येत नाही. उशिरा पडेल असं दिसतंय."

"बहुतेक, कधी कधी, दिसतंय," बाई म्हणाल्या. "अगं, आमचे आचार्य परवडले. विशेष वृष्टी म्हणजे विशेष वृष्टी!"

पण दुपारी डोळा लागेना. जन्मभर ऐकलं होतं की पावसाचे दहा वाटे समुद्रावर पडतात. समुद्र घेतो, एवढंच ठाऊक. तो देतोही, आणि तापला तर हात आखडतो, हे कुणी वाचलंच नव्हतं. बहात्तर म्हणत होतं, ठेव. सत्याण्णव म्हणत होतं, पेर. संध्याकाळी चहा देताना त्यांनी नातीला विचारलं, "वेदे, तुझ्याकडं बियाण्याचं एकच गाडगं असतं तर काय केलं असतंस?"

वेदश्रीनं लॅपटॉप मिटला. "ठेवलं असतं," ती म्हणाली.

आता शब्द बदलायचा कसा? नातीच्या लॅपटॉपवर लाल पट्टा आहे, असं सांगून सटवाजी पंचांग मोडणार नव्हता. आणि रीतीप्रमाणं बाईंना शब्द परत घेता येत नव्हता. शब्द खोटा ठरणार तो एकाच वाटेनं, वाचणंच चुकलं असेल तर. दुसऱ्या दिवशी सकाळी, देवाला फुलं वाहायच्या आधी, बाईंनी फोन लावला.

"सटवाजी, पेरू नको रे. आचार्यांचं चुकलं. पाडव्याला गेल्या सालचं पंचांग वाचलं त्यांनी. यंदाच्यात पाऊस कमी लिहिलाय."

सटवाजी पलीकडून हळहळून म्हणाला, "आचार्र थकलं म्हणायचं."

"हो ना. डोळे गेलेत त्यांचे," बाईंनी खोट्याला आणखी एक ठिगळ लावलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी मारुतीच्या देवळावरून जायचं टाळलं.

मृग कोरडा गेला. अरबी समुद्रात वादळ उठलं आणि येणारा पाऊस ओढून भलतीकडं घेऊन गेलं, असं बातम्यांत सांगत होते. बाई मनात म्हणाल्या, आता हा तिसरा समुद्र कुठून आला? पण शिवारं धुळीनं भरली होती, ज्यांनी भात पेरलं होतं ते कपाळाला हात लावून बसले होते, आणि सटवाजीचं बियाणं राखेत सुखरूप होतं. ओढ्याकडच्या तुकड्यात त्यानं उशिरा मका टाकला. भागीरथीनं फोन केला.

"आक्का, देवावानी सांगितलंसा. जिरेसाळ वाचली."

बाईंना चार दिवस बरं वाटलं. मग अधिक श्रावण लागला आणि आभाळ फाटलं. सप्तापूरच्या उतारावरून पाणी असं धावू लागलं की समोरच्या खोल्यांतली विद्यापीठाची मुलं चपला हातात घेऊन जाऊ लागली. आधी करपलेली भातं आठवड्यात हिरवी झाली. पुन्हा भागीरथीचा फोन आला. या वेळी आवाज बारीक होता.

"ओढ्याकडचा तुकडा तळं झालाय, आक्का. मका पिवळा पडला. शेजारच्याचं भात गुडघ्याला लागलंय. आपली जिरेसाळ असती तर..."

बाईंनी पुण्याला फोन लावला. "वेदे, निवला का तुझा समुद्र?"

"नाही आजी, आणखी तापलाय."

"मग हा पाऊस कुणाचा?"

"एल निनो म्हणजे रोज कोरडं असं नसतं. मध्ये पंधरा दिवस धो धो पडूनही सगळ्या हंगामाची गोळाबेरीज कमी येऊ शकते."

"बी गोळाबेरजेत उगवत नाही गं," बाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला, कारण पोरीनं कुठं पेरू नको म्हणून फोन केला होता? तो त्यांनीच केला होता.

अशा भर पावसात बाळाचार्य आले. छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत प्लास्टिकची पिशवी. अधिक महिना म्हणून बाईंनी अनारसे केले होते. ते ताटलीत काढून त्यांच्यापुढं ठेवले. आचार्यांनी ताटलीकडं पाहिलंही नाही. पिशवीतून दोन पंचांगं काढून त्यांनी पाटावर शेजारी शेजारी ठेवली.

"वहिनी, पाडव्याला तुम्ही माझ्यासमोर होतात. खरं सांगा. मी यातलं कुठलं वाचलं?"

बाईंनी हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं.

"सुभाष रोडवर किराणा दुकानात गेलो, तर दुकानदार हसत विचारतो, 'आचार्रे, ई वर्षद्दो, होद वर्षद्दो?' यंदाचं की गेल्या सालचं? मला कळेना काय ते. मग म्हणाला, अळनावरकडचा एक जण मक्याचं बियाणं न्यायला शहरात आला होता, तो सांगून गेला. चार गिऱ्हाईकं दात काढत होती. घरी येऊन ही दोन्ही काढली. कुठलं हातात होतं, आठवेना. वहिनी, काही केल्या आठवेना! तेव्हापासून संकल्प सांगताना संवत्सराचं नाव आलं की जीभ अडते. काल सत्यनारायणाला अडली. यजमान माझ्या तोंडाकडं बघत राहिले. सून म्हणते, मामंजी, आता पुरे करा."

बाहेर पागोळ्या ओतत होत्या. कुसुमावतीबाईंना वाटलं, हा म्हातारा हसण्यावारी नेईल, दोन दिवसांत विसरेल. पण त्यांचे डोळे पाहिले आणि ते शक्य नाही हे त्यांना कळलं. आपलं डोकं आपल्याला सोडून चाललंय की काय, हे भय त्या वयात कसं असतं ते त्यांना सांगायला नको होतं.

"आचार्य, तुम्ही यंदाचंच वाचलं. बिनचूक वाचलं. खोटं मी बोलले."

त्यांनी सगळं सांगितलं. लाल पट्टा, बहात्तर, सत्याण्णव, गाडगं, फोन. आचार्य ऐकत राहिले.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे."

"नक्की?"

"तुमचं आहे. माझ्याचं विचारू नका."

आचार्यांनी एक अनारसा उचलला, खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग ते इतके हसले की ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता.

"पाऊस तर पडतोय. म्हणजे पंचांग खरं. मग यंदाची जिरेसाळ कुणी घालवली, वहिनी?"

"मीच."

"गोविंद असता तर..." आचार्यांनी पंचांगं पिशवीत घातली. "सटवाजीला सांगा. आणि जाऊन सांगा. फोनवर तुम्ही काय काय सांगता, ते मला कळलं."

पाऊस उघडला की जाऊ, असं ठरलं. तो उघडला तो असा, की अधिक संपून खरा श्रावण लागला आणि आभाळात चिंधीभर ढग उरला नाही. मंगळागौरीच्या मुलींना पत्री वाळलेली मिळाली. ज्या ऊन-पावसाच्या महिन्याची लोक वर्षभर वाट बघतात, तो नुसताच उन्हाचा निघाला. नागपंचमीला वेदश्री घरी आली आणि दुसऱ्या दिवशी आचार्यांना घेऊन तिघं अळनावरच्या बसमध्ये बसले. खिडकीतून दिसणारी भातं बाई बघत होत्या. महिन्यापूर्वी हिरवी झालेली ती भातं आता टोकाकडून गवताच्या रंगाची होत होती. खाचरांतली माती भेगाळली होती.

"हे बघा तुमची विशेष वृष्टी," बाई आचार्यांना म्हणाल्या.

"झाली की नाही झाली?" आचार्य ताठ बसले. "श्रावणात लिहिली होती, श्रावणात झाली."

"ती खोट्या श्रावणात झाली."

"अधिक महिना खोटा नसतो, वहिनी! त्याचा स्वामी पुरुषोत्तम आहे."

वेदश्री दोघांच्या मध्ये बसली होती. तिनं कानात काही घातलं नव्हतं तरी तसा चेहरा केला होता.

सटवाजी अंगणात दोर वळत बसला होता. तिघांना एकदम बघून तो उठला. त्याला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. भागीरथी पाणी घेऊन आली. बाईंनी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागं फिरायला वाव राहू नये. दोराचं टोक सटवाजीच्या हातात तसंच राहिलं होतं.

"म्हंजे आचार्रांनी बरोबर वाचलं हुतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी दुकानात जाऊन सांगिटलं, आचार्र चुकलं म्हणून."

"हो."

"आणि तुमी खोटं बोललासा."

"हो."

"आणि तवा पेरलं असतं तर आता करपलं असतं. त्या शेजाऱ्याचं चाललंय तसं."

"तसंच दिसतंय."

"मंग मी रागवू कुणावर?" सटवाजीनं दोर खाली टाकला. त्याचा आवाज खरोखरच चढला होता. "तुमी खोटं बोललासा म्हणून बी ऱ्हायलं. आचार्रांनी खरं वाचलं, ते ऐकलं असतं तर बुडालो असतो. आणि ह्या पोरीचा समुद्र म्हणत हुता पाऊस न्हाई, तर आमचा मका पाण्यानं कुजला. ह्यातलं खरं कंचं?"

"माझ्यावर रागव, सटवाजीकाका," वेदश्री म्हणाली. "मी आजीला नीट सांगायला हवं होतं. सगळ्या पावसाळ्याचा अंदाज असतो, एका शेताचा नसतो."

"आमाला तर एकच शेत हाय, बाळ."



भागीरथी मघाशीच आत गेली होती. ती हातात फडक्याची पुरचुंडी घेऊन बाहेर आली आणि बाईंच्या समोर बसली. "मका पिवळा पडला तवापासनं जिवाला घोर लागला, आक्का. गाडग्यातलं बी तरी जित्तं हाय का, बघाय पायजे की. चार दिवसांमागं मूठभर काढून ओल्या फडक्यात बांधलं. आज सोडणार हुते."

तिनं गाठ सोडली. सगळे वाकले. फडक्यात दाणे चिकटून बसले होते. काही काळे पडलेले, तसेच. पण पुष्कळांच्या टोकाला पांढरा कोंब आला होता, सुईच्या अग्राएवढा. भागीरथी काळे दाणे एकेक बोटानं बाजूला सारू लागली.

"जित्तं हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

"जित्तं हाय, बरं झालं," सटवाजी म्हणाला. "गाडग्याचं तोंड बांधून टाक. हे कोंबड्यांना घाल. कोंब आलेलं काय गाडग्यात परत जात न्हाई."

भागीरथीचा हात फडक्यावर थांबला.

"कोंबड्यांना नको," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

"मंग काय करू, आक्का? खऱ्या श्रावणात भात कोण पेरतंय?"

बाईंनी आचार्यांकडं पाहिलं. "आहे का काही पंचांगात?"

"भात पेरायला आता? नाही."

"वेदे, तुझा आफ्रिकेकडचा समुद्र काय म्हणतो?"

"तापायला लागलाय. पुढच्या महिन्यात थोडा पाऊस होईल, असं..." वेदश्री थांबली. 'बहुतेक' तिच्या ओठांवर आलं होतं. "आजी, मला नाही सांगता येणार."

"मग झालं तर," बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "कुणालाच सांगता येत नाही. विहिरीच्या पाटाशी ओल आहे का रे? तिथंच लावू, चार लोंब्या आल्या तरी ताजं बी मिळेल."

ओल होती. मोट गेली, मोटर आली, तरी पाटाच्या वळणाशी पाणी झिरपून चिखल राहतोच. जागा एवढीशी, दोन पत्रावळी मांडता येतील इतकी. भागीरथीनं खुरप्यानं तण काढलं. आचार्यांनी पाय धुतले, धोतर वर खोचलं. नको नको म्हणताना ते चिखलात उतरले आणि कोंबाचे दाणे एकेक करून दाबू लागले. वेदश्रीला कोंब वर ठेवायचा की खाली, ते कळेना. भागीरथीनं तिचा हात धरून दाखवलं. सटवाजी काठावर उभा राहून बघत होता. त्याचा राग गेला नव्हता, पण कुठं ठेवावा तेही त्याला सुचत नव्हतं.

"पाखरं ठेवायची न्हाईत," तो म्हणाला. "उद्या सकाळपत्तोर एक दाणा दिसणार न्हाई."

"मी बसते इथं," बाई म्हणाल्या.

"तुमी?"

"मुळं धरेपर्यंत. तुझ्या चुलीला माझी भाकरी जड होणार नसेल तर."

"आजी, बाबांना काय सांगू?" वेदश्रीनं विचारलं.

"सांग, आजीला पाखरं हाकायला ठेवली. खरं तेच सांग. खोट्याचं मला पुरे झालं."

आचार्य आणि वेदश्री दुपारच्या बसनं गेले. जाताना आचार्य एकदा थांबून संकल्पातलं संवत्सराचं नाव मोठ्यानं म्हणाले, न अडखळता, आणि बाईंकडं बघून मान हलवली. भागीरथीनं चार काठ्या रोवून जुनं लुगडं वर बांधून दिलं. त्याच्या सावलीत कुसुमावतीबाई बसल्या. हातात डालड्याचा रिकामा डबा, त्यात खडे. शाळेत असताना माहेरच्या मळ्यात त्या असाच डबा वाजवत बसायच्या. मधली सगळी वर्षं कुठं गेली, याचा हिशेब लागेना.

उन्हं कलली तेव्हा सटवाजी येऊन शेजारी बसला.

"आक्का, फुडल्या पाडव्याला काय करायचं?"

"ये की. आचार्य वाचतील. वेदश्री फोनवरून समुद्राचं सांगेल. दोन्ही ऐक."

"दोन्ही येगळं सांगटील."

"सांगतील."

"मंग शब्द?"

"शब्द तू द्यायचा. शेत तुझ्या नावावर होऊन पन्नास वर्षं होत आली, सटवाजी. शब्द तेवढा आमच्याकडं का राहिला, कुणास ठाऊक. आम्ही द्यायला नको होता."

सटवाजीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्याच्या डोक्यावर कुणी भरलेला हंडा ठेवला. "मी? आणि माझं चुकलं तर?"

तेवढ्यात पाटाच्या पलीकडं पाखरांचा थवा उतरला, तपकिरी, चिमण्यांहून लहान. एक धीट पाखरू टुणटुणत चिखलाच्या कडेला आलं. बाईंनी डबा वाजवला. ते हललं नाही. सटवाजीनं ढेकूळ उचललं, दाण्यांवर पडेल म्हणून पुन्हा खाली ठेवलं, आणि टाळ्या वाजवत "हुर्रर, हुर्रर" करत पाटाच्या काठानं धावला. थवा उडाला, विहिरीवरून एक फेरी मारून शेजाऱ्याच्या भातावर जाऊन बसला.

"परत येतील," बाई म्हणाल्या.

"येऊंदेत," सटवाजी म्हणाला आणि बाईंच्या हातातला डबा त्यानं आपल्याकडं घेतला.